पानाच्या डब्यातली गोळी

"गोळ्या घेता ना हो तुम्ही नियमित?" असं डॉ. कहकशांनी फोनवर विचारलं ते इतक्या मऊ आवाजात, की आपल्याला खोटारडं ठरवलं जातंय हे तनुजाला फोन ठेवल्यावर कळलं. तोवर ती "हो मॅडम, रोज" म्हणून बसली होती. पलीकडून "नाही, म्हणजे तुमच्या रक्तात औषध जवळजवळ सापडतच नाहीये, म्हणून विचारलं" असं येऊन गेलं होतं, आणि "उद्या या, सलाईनबद्दल बोलायचंय, सासूबाईंनाही आणा" असंही. सासूबाईंना कशाला? शाळेत पालकांना बोलावतात तसं? तिनं समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं. नाशिकच्या कुणा गृहस्थांचा मेल उघडा होता. त्यांना सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ करायचं होतं. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हे उस्मानपुऱ्यातल्या या टूर कंपनीच्या ऑफिसात बसून ती रोज कुणाला ना कुणाला सांगत असे, आणि रोज समोरचा माणूस असा रुसत असे, जणू लेण्यांना कुलूप तिनंच घातलंय. आजही तिनं तेच लिहिलं, 'क्षमस्व' लिहिलं, मग 'क्षमस्व' खोडलं. क्षमा कसली मागायची? रोज रात्री जेवण झालं की ती गोळी गिळते. ताप असो, लग्नकार्य असो, नवऱ्याशी, शिवराजशी, भांडण झालेलं असो. आणि रक्तात औषध नाही. मग रोज रात्री ती काय गिळत होती?

या आजाराचं सगळंच असं. तो दिसत नाही आणि दिसला तर शोभून दिसतो. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली बघून पहिल्या वर्षी ऑफिसातल्या बाईनं विचारलं होतं, कुठली क्रीम लावतेस गं? लुपस म्हटलं की लोक दोनदा "काय?" विचारतात आणि तिसऱ्यांदा "पण दिसत तर छान आहेस" म्हणतात. या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते तिला अजून सापडलेलं नव्हतं. अंगाची राखण करणारी फौज अंगावरच उलटते, असं डॉ. कहकशांनी सुरुवातीला समजावलं होतं. त्या तिच्या डॉक्टरही होत्या आणि याच विषयावर संशोधनही करत होत्या, त्यामुळे तिच्याकडे बघताना त्यांच्या एका डोळ्यात काळजी आणि दुसऱ्यात भलताच उत्साह असे. लुपसच्या पेशंटच्या रक्तात म्हणे एका जातीच्या पेशी फार वाढतात, आणि नेमक्या तसल्याच पेशी जबर मलेरिया झालेल्या माणसाच्या रक्तातही वाढतात. तिथं त्या शत्रूशी लढायला उपयोगी पडत असाव्यात. इथं त्या घरच्याच माणसांना झोडपतात. असं का, ते शोधायचं म्हणून त्या वॉर्डातल्या मलेरियाच्या पेशंटचं रक्त घेत आणि तनुजाचंही घेत. "तुमच्या पेशी इतक्या सुंदर आल्यात ना," त्या एकदा म्हणाल्या होत्या. त्या दिवशी तनुजाला सकाळी दाराची कडी काढता आली नव्हती, बोटं लाकडासारखी झाली होती, आणि तिच्या पेशी सुंदर आल्या होत्या.

त्यातून गोळीही नेमकी मलेरियाचीच. मूळची मलेरियासाठी निघालेली ही गोळी लुपसच्या भडकलेल्या फौजेला शांत करते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तेव्हापासून ती लुपसवाल्यांना रोजची झाली. पण हे मेडिकलवाल्याला कोण सांगणार? तो दर महिन्याला काउंटरवरून ओरडून विचारतो, "मलेरिया का मॅडम?" आणि रांगेतले दोघं मागे सरकतात. कोरोनाच्या वर्षी तर कहरच झाला. हीच गोळी कोरोनावर चालते अशी हवा उठली आणि ज्यांना शिंकही आली नव्हती त्यांनी डबेच्या डबे भरून ठेवले. शिवराज मोटरसायकल घेऊन क्रांती चौकापासून चिकलठाण्यापर्यंत हिंडला होता. एका दुकानदारानं त्याला म्हटलं होतं, साहेब, ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी ठेवायला सांगितलंय. ते आठवलं की तनुजाच्या कानशिलात अजून ठणका लागायचा. सगळं जग आपल्या तोंडातली गोळी काढून घ्यायला टपलंय, असं तेव्हा वाटलं होतं. मग ते दिवस गेले. गोळी मिळायला लागली. आणि आता ती मिळते, घेतली जाते, पण रक्तात पोचत नाही. जाते कुठं मग?

उन्हाचा पट्टा टेबलाच्या कडेवर आला होता. तिनं सवयीनं खुर्ची मागे ओढली. ऊन कुठून कसं सरकतं हे तिच्याइतकं या शहरात क्वचितच कुणाला माहीत असेल. ती वेरूळची परवानाधारक गाईड होती. कैलास लेण्याच्या अंगणात उभी राहून, हे देऊळ वरून खाली कोरत आणलंय, पायापासून कळसाकडे नव्हे, हे सांगताना समोरच्या माना एकदम वर जात, तो क्षण तिला फार आवडायचा. त्याच अंगणात एका दुपारी तिचे गाल जळायला लागले आणि संध्याकाळपर्यंत गुडघे सुजले. पुढं वर्षभर ती सावल्या धरून गाईडगिरी करत राहिली. सकाळी अमुक लेणं, दुपारी तमुक ओसरी. पर्यटक विचारत, आपण असं उलटं का चाललोय? शेवटी परवाना पाकिटात गेला आणि ती या टेबलाशी आली. आता ती लोकांना फक्त वार सांगते. एक उन्हाळाच काय तो तिचा. गावातल्या सगळ्या बाया गाडीवर डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढण्या गुंडाळून फिरतात, तेव्हा तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. बाकी सगळे महिने छत्री, आणि प्रत्येक नाक्यावर एक तरी विनोदी माणूस.

फोन पुन्हा वाजला. तिला वाटलं नाशिकचे गृहस्थ. पण आवाज ओळखीचा होता. सोयगावचे कडुबामामा, म्हणजे शिवराजचे सख्खे मामा. "सूनबाई, ताईचा फोन लागंना, म्हणून म्हणलं तुम्हालाच सांगावं," ते म्हणाले. "त्या तुमच्या मलेरियाच्या गोळ्या संपल्या बरं का. लई गुणाच्या निघाल्या. इथं वस्तीवर तापाची साथ हाय. शिवराज येणार असंल तर थोड्या धाडा."

"कोणत्या गोळ्या, मामा?"

"अवं, त्याच पांढऱ्या. ताई दर खेपेला पुडीत बांधून देती. तुमचा मलेरिया गेला म्हणली, आता तुम्हाला लागत नाय." ते थांबले. "लागत नाय ना?"

"बघते," तनुजा म्हणाली. फोन ठेवला आणि ती हसली. शेजारच्या टेबलावरच्या अभयनं चमकून पाहिलं. इतकं सोपं होतं तर. पावसाळ्यात तिला ताप आला होता आणि डॉ. कहकशांनी सगळ्या तपासण्यांबरोबर मलेरियाचीही सांगितली होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला. "म्हंजी काय?" असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा शिवराज कंपनीची बस पकडायला बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मलेरिया नाही असं आलंय, माय." त्या आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. तनुजालाही त्यांचा आनंद मोडवला नव्हता. तिनं साखर खाल्ली होती. केवढ्याला पडली ती साखर. मलेरियाची गोळी, मलेरिया नाही, मग गोळी कशाला? त्यातून गोळी गरम. गरम गोळीनं पाळणा लांबतो, हे तर त्या कितीदा बोलल्या होत्या. आणि चांगली गोळी फेकून कशी द्यायची? सोयगावात लोक तापानं फणफणलेत. तनुजाला त्यांचा एकेक विचार रांगेनं येताना दिसत होता, आणि चीड याची की त्या रांगेत कुठंही दुष्टपणा सापडत नव्हता. सापडला असता तर किती बरं झालं असतं.

गारखेड्यातल्या घरी पोचली तेव्हा सासूबाई, चतुराबाई, खाली भाजीच्या गाडीशी घासाघीस करत होत्या. तनुजा सरळ ओट्याकडे गेली. फडताळात त्यांचा स्टीलचा पानाचा डबा होता. दात गेले तसं पान सुटलं, डबा उरला. तनुजाची बोटं इतकी आखडलेली असत की पाकिटातून गोळी दाबून काढता येत नसे, म्हणून चतुराबाईच आठवड्याच्या गोळ्या सोलून त्या डब्याच्या खणांत भरून ठेवायच्या. चुन्याच्या खणात त्यांची स्वतःची बीपीची, काताच्या खणात आम्लपित्ताची, सुपारीच्या खणात तनुजाची. शिवराज कौतुकानं पाहुण्यांना दाखवायचा. तिनं सुपारीच्या खणातली एक उचलली आणि गिळण्याऐवजी दाढेखाली धरून फोडली. खडू. गोडसर, पिठूळ खडू, कॅल्शियमची गोळी. खरी गोळी जिभेवर क्षणभर जरी रेंगाळली तरी घसा आवळून येईल इतकी कडू. मध्यंतरी तनुजा शिवराजला म्हणालीही होती, अलीकडे गोळी कडूच लागत नाही रे, जीभ मेली की काय माझी. तो म्हणाला, बरं झालं की. आणि तिनंही मानलं होतं, की बरं झालं. आपली जीभ सांगत होती आणि आपण जिभेवरच संशय घेतला, याचा तिला आता सगळ्यात जास्त राग आला.

"चावती काय? गिळायची असती ती," चतुराबाई दारातून म्हणाल्या. हातात मेथीची जुडी होती. तनुजानं तोंडातला खडू गिळला. आत्ता बोलावं? सासूला ती आत्या म्हणायची, तिच्या माहेरीही तीच रीत. आत्या, काय केलंत तुम्ही हे, एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचं सगळं तिला पाठ होतं. त्या मटकन खाली बसतील, मी काय वैरीण हाय का माय तुझी म्हणतील, पदर डोळ्याला जाईल, आणि शेवटी पाण्याचा तांब्या घेऊन समजूत काढायला तनुजालाच उठावं लागेल. तेवढ्यात शिवराज येईल. मागल्या दिवाळीत आईनं त्याच्या मॅनेजरच्या बायकोला काहीबाही विचारलं म्हणून त्यानं सगळ्यांसमोर बजावलं होतं, आणखी एक भानगड झाली तर सोयगावला नेऊन सोडीन. तिथल्या घराला कुलूप होतं. तो सोडीलही, रागात तो बोलतो ते करतो. आणि पहाटे उठून, आत्या सोडवतात तशी, कोमट तेलानं आपली बोटं एकेक करून कोण सोडवणार? शिवराज? तो झोपलेला असतो. तनुजानं ठरवलं, इथं नाही बोलायचं. उद्या बोलायचं, मॅडमसमोर. जिनं मला खोटारडं म्हटलं तिच्यासमोर. वाक्यसुद्धा तिनं तयार केलं: मी रोज गोळी घेत होते, ती बदलणारी ही शेजारी बसली आहे. भाजी निवडताना, भाकरीला बसताना ती ते मनात घोळवत राहिली, आणि दरवेळी ते वाक्य जास्तच धारदार होत गेलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बोळात खिडकीतून उन्हाची एक तिरीप बाकावर येत होती. चतुराबाईंनी छत्री उघडली आणि तनुजाच्या डोक्यावर धरली. "आजी, आत पाऊस पडायलाय का?" म्हणत एक वॉर्डबॉय हसत गेला. "ऊन पडायलंय, दिसत नाय का तुला?" त्या म्हणाल्या. लोक बघत होते. तनुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई दवाखान्यात छत्री धरते आणि घरात औषध चोरते. राखण करणाऱ्यालाच घरचं माणूस ओळखू येत नाही. मॅडमच्या त्या सुंदर पेशी आणि ही शेजारची सासू यांची सांगड तिच्या मनात आपोआप बसली, आणि सांगड इतकी चपखल बसल्याचाही तिला वैताग आला. माणसाचं आयुष्य नासतं आणि त्याला उपमा सुचते. "हात का दाबायली? दुखतंय का?" चतुराबाईंनी विचारलं. "नाही," ती म्हणाली. दुखत होतं.

आत डॉ. कहकशांनी रिपोर्ट पुढ्यात ओढले. लघवीतून प्रथिनं जाताहेत, म्हणजे किडनीला धग लागलीय, असं त्या म्हणाल्या. "सलाईनमधून जे औषध द्यायचं म्हणतेय ते तगडं आहे, तनुजाताई. त्यानं पुढं मूल होणं अवघड होऊ शकतं. तुम्ही किती वर्षं थांबलात मला माहितीये. आजार शांत झाला की बघू, असं मीच सांगत आले. म्हणून शेवटचं विचारते. गोळी खरंच घेत असाल आणि तरी हे होत असेल, तर सलाईनशिवाय इलाज नाही. घेत नसाल, तर आधी ती नीट चालू करू, जोडीला दुसरं सौम्य औषध देऊ, आणि थोडे दिवस वाट बघू. पण खरं सांगा."

"पण बाई," चतुराबाई मधेच म्हणाल्या, "तिचा मलेरिया तर गेला ना आता? रिपोर्ट आलता की."

डॉ. कहकशा हसल्या. "अम्मा, उसको मलेरिया कभी था ही नहीं. गोळी मलेरियाची आहे, आजार वेगळा आहे. हिच्या किडनीची, सांध्यांची राखण तीच गोळी करते. ती थांबली की हे असं होतं." मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ह्या गोळीपायी मी हैराण झालेय. परवा वॉर्डात एकाला बेशुद्ध आणलं. मेंदूत चढलेला मलेरिया. घरात कुणाच्या तरी उरलेल्या ह्याच गोळ्या, ताप आला की खात बसला. तो मलेरिया ह्या गोळीला आता दादसुद्धा देत नाही. वेळेवर आला असता तर साध्या इलाजानं उठून घरी गेला असता."

चतुराबाईंच्या मांडीवर छत्री होती. तिच्या मुठीवर फिरणारा त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी तनुजाकडे पाहिलं. ती नजर पकडलेल्या माणसाची नव्हती, रडायच्या तयारीतलीही नव्हती. त्यांना सगळं कळलं होतं, मूल होण्याचं, किडनीचं, सोयगावचं, आणि तनुजाला ठाऊक आहे हेही. त्या फक्त वाट बघत होत्या. तनुजानं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, रात्रभर धार लावलेलं. "नव्हते घेत," ती म्हणाली. "कंटाळा आला होता मॅडम. रोज रोज गोळ्या." आपण काय बोलतोय हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं. डॉ. कहकशांनी सुस्कारा टाकला, आणि त्या सुस्काऱ्यात दया कमी, समाधान जास्त होतं. "वाटलंच होतं मला. शिकलेली माणसंच जास्त त्रास देतात." मग बराच वेळ त्या बोलत राहिल्या, जबाबदारी, शिस्त, नवऱ्याचे कष्ट. तनुजा मान हलवत राहिली. सलाईन टळली होती, निदान आज तरी. तिला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं, आणि सुटल्याच्या आनंदानं की उगाच शिव्या खाल्ल्याच्या संतापानं, ते तिचं तिलाही ठरवता येईना. निघताना मॅडमनी नळीभर रक्त काढून घेतलं. आज तर पेशी नक्कीच सुंदर येतील, तिच्या मनात आलं.

रिक्षात चतुराबाई निदान हात तरी धरतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी ओढणी नीट केली तिच्या गालावरची, बस. संध्याकाळी शिवराज आला, हातपाय धुऊन ताटावर बसला, "काय म्हणाल्या मॅडम?" म्हणाला. तनुजा पाणी आणायला वळली, तोवर मागून सासूचा आवाज आला, "तुझी बायको गोळ्याच खात नव्हती म्हणं. कंटाळा आला म्हणं तिला." तव्यावर भाकरी उलटत, मान वर न करता.

तांब्या तनुजाच्या हातात तसाच राहिला. मी तुम्हाला वाचवलं, आणि तुम्ही ते माझंच खोटं उचलून माझ्याच अंगावर? इतक्या लगेच? शिवराजनं घास खाली ठेवला. "काय गं हे? एवढी शहाणी तू. मी त्या वर्षी वेड्यासारखा हिंडलो होतो त्या गोळ्यांसाठी." त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. एक वाक्य पुरलं असतं. कडुबामामांना फोन लाव आणि विचार. तिनं चतुराबाईंकडे पाहिलं. भाकरी एका बाजूनं करपायला लागली होती आणि त्या ती उलटत नव्हत्या. "चुकलं माझं," तनुजा म्हणाली, आणि तांब्या इतक्या जोरात आपटला की पाणी ताटात उडालं. शिवराजला तो पश्चात्ताप वाटला असावा. जेवण उरकून तो गच्चीवर निघून गेला.

ती ओटा पुसत होती. पुसून झालेला ओटा परत पुसत होती. चतुराबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. हातात नवं कोरं पाकीट होतं, मेडिकलचं रबर अजून न काढलेलं. त्यांनी ते काढलं, अंगठ्याच्या नखानं कागद फोडला आणि गोळी बाहेर आली, तनुजाच्या डोळ्यांदेखत. पानाचा डबा रिकामा, घासून पालथा घातलेला होता. "आ कर," त्या म्हणाल्या.

"आत्या, मी घेईन माझी मी."

"आ कर म्हणलं."

तिनं तोंड उघडलं. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पेला हातात दिला. तनुजानं लगेच पाणी घेतलं नाही. गोळीची कड विरघळली आणि तो ओळखीचा कडवटपणा टाळूला, घशाला, कानांच्या मुळांपर्यंत गेला. मग ती प्याली.

"जीभ उचल. बघू."

तिनं जीभ उचलली. चतुराबाईंनी चष्मा वर सरकवून नीट पाहिलं. "कडुबाला फोन केलता," त्या तोंडातच बघत म्हणाल्या. "राहिल्या असतील त्या गटारीत टाक म्हणलं. अन् ज्याला ज्याला दिल्यात, ज्याला ताप हाय, त्याला उद्या उजाडायच्या आत सरकारी दवाखान्यात घेऊन जा. न्हेतो म्हणला." मग त्यांनी चष्मा खाली घेतला. "त्याला खरं सांगितलं. मीच दिल्या म्हणून."

शिवराजला नाही, मामांना. तनुजाचा राग कुठंही गेलेला नव्हता. तो पोटात तसाच होता, आणि उद्या पहाटे या बाईनं बोटांना तेल लावायला घेतलं की तो पुन्हा वर येणार, हेही तिला दिसत होतं. आणि शिवराज उद्या, परवा, कितीतरी दिवस विचारणार: घेतलीस का गोळी? आणि आपण हो म्हणणार, आणि तो मायकडे बघून खात्री करून घेणार.

"कडू हाय का लई?" चतुराबाईंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी फडताळातून साखरेचा डबा काढला, चिमूट भरली आणि पुढं केली.

"नको, आत्या," तनुजा म्हणाली. "राहू द्या कडू. कळतं तरी."

चतुराबाईंनी मान हलवली. पण चिमूट त्यांनी डब्यात परत टाकली नाही. ती तशीच धरून तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.